व्याज, वाटा आणि गावचे हात

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे निघाले की थोड्याच वेळात इंद्रायणीकाठचे इंदुरी गाव लागते. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळातील गढीचे बुरूज येथे अद्याप उभे आहेत. आसपास भाताची खाचरे आहेत आणि थोड्या अंतरावर औद्योगिक वसाहतीची छपरे दिसतात. एकाच दृष्टिक्षेपात शेती, जुनी सरदारी आणि नवे कारखाने दाखवणारी अशी गावे मावळात अनेक आहेत. या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती पैसा आला याची चर्चा आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांत नित्य होते. तो पैसा कोणत्या अटींवर आला आणि त्यामुळे गावातील किती हातांना काम मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या महिन्याच्या लेखात तोच प्रश्न घेण्याचा विचार आहे. त्याच्या ओघात बिनव्याजी अर्थव्यवहाराची, म्हणजे ज्याला जगात इस्लामिक वित्तव्यवस्था म्हणतात तिची, ओळखही करून घ्यावयाची आहे. व्याज हा ज्यांच्या कुटुंबांचा पिढीजात परिचयाचा विषय आहे, त्यांनी व्याज नाकारणारी व्यवस्था समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

प्रथम आकड्यांचा मोह बाजूला सारू. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात २००८ साली जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा परिसरात किती उत्साह होता हे अनेक वाचकांना आठवत असेल. पुढे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद झाले आणि १,४०० हून अधिक कामगारांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. मध्यंतरी एका चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुरीअभावी बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. दरम्यान २०२२ साली याच तळेगावच्या नावाने वेदांत-फॉक्सकॉनच्या १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या अर्धवाहक प्रकल्पाची चर्चा झाली. तो प्रकल्प गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, राजकारण तापले आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. ज्या आकड्यासाठी दोन राज्ये भांडली, तो त्या भागीदारीतून कोठेच उभा राहिला नाही.

या घटनांत कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मोठे भांडवल स्वभावतः फिरते असते. जेथे परतावा अधिक दिसेल तेथे ते जाते आणि जेथे कमी दिसेल तेथून निघते. इमारत आणि यंत्रे मागे राहतात, त्यांना नवा मालकही मिळतो, परंतु मधली तीन-चार वर्षे कामगाराच्या घरात कशी जातात हे ताळेबंदात दिसत नाही. कारखान्याच्या भरवशावर खोल्या बांधलेल्या घरमालकाला, खानावळ चालवणाऱ्या बाईला आणि उधारीचे खाते सांभाळणाऱ्या आपल्या किराणा दुकानदाराला ती वर्षे चांगलीच कळतात.

अर्थशास्त्रात याची मांडणी जुनी आहे. रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली मांडलेल्या आणि पुढे १९८७ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेल्या विचारानुसार उत्पादनाची वाढ भांडवल, श्रम आणि तंत्रज्ञान या तिहींवर अवलंबून असते. केवळ भांडवल वाढवत गेल्यास प्रत्येक वाढीव रुपयाचे फळ उत्तरोत्तर कमी होते. एका कारागिरापुढे एक लेथ ठेवले तर त्याचे उत्पादन वाढते. दुसरे ठेवले तर थोडे वाढेल. तिसरे लेथ मात्र धूळ खात पडेल. म्हणून एखाद्या प्रदेशाची प्रगती पाहताना तेथे किती पैसा आला यासोबत किती माणसे कामात आली आणि त्यांना कोणते कसब आले, हेही पाहावे लागते.

आपल्या देशात ‘कामात आलेली माणसे’ मोजण्यासाठी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होते. पंधरा वर्षांवरील लोकांपैकी काम करणारे आणि काम शोधणारे यांचे प्रमाण म्हणजे श्रमसहभाग. २०१७-१८ मध्ये स्त्रियांचा श्रमसहभाग २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. पुरुषांचे प्रमाण याच काळात ७५.८ वरून ७८.८ टक्क्यांवर गेले. स्त्रियांच्या आकड्यातील वाढ आनंदाची खरी, पण तिच्या पोटात शिरून पाहणे आवश्यक आहे. २०२३-२४ मध्ये ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण ४७.६ टक्के तर शहरी स्त्रियांचे केवळ २८ टक्के होते. शिवाय काम करणाऱ्या स्त्रियांपैकी फार मोठा भाग स्वयंरोजगारात आहे आणि त्यातही पुष्कळजणी घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून मोजल्या गेल्या आहेत.

हे वाक्य आपल्याला लागू पडते. दुपारी जेवायला गेलेल्या पतीच्या जागी गल्ल्यावर बसणारी, मालाची मोजदाद ठेवणारी, उधारीची आठवण करून देणारी आपल्या घरातील सून या सर्वेक्षणात ‘कामगार’ आहे. तिच्या नावावर पगार, भागीदारी किंवा बँकेचे चालू खाते यांपैकी बहुधा काहीही नसते. आणि जी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन लग्नानंतर घरी बसली, ती तर या मोजणीतही येत नाही. आपण मुलींच्या शिक्षणावर मनापासून खर्च करतो. तो खर्च भांडवल म्हणून पाहिला, तर ते भांडवल वापराविना पडून आहे असेच म्हणावे लागेल.

आता पैशाच्या अटींकडे वळू. उधार दिलेल्या पैशावर भाडे घ्यावे की नाही, हा प्रश्न इंद्रायणीच्या काठाला नवा नाही. इंदुरीच्या जवळ भंडाऱ्याचा डोंगर आहे आणि नदीच्या पुढच्या वळणांवर देहू. तुकाराम महाराजांच्या घराण्यात महाजनकी आणि सावकारी होती. दुष्काळाने लोक गांजले तेव्हा त्यांनी घरातील कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा सांगते. त्या कथेतील एक तपशील व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी सारी खते बुडवली नाहीत. निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांच्या वाट्याची म्हणून त्यांना देऊन टाकली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी नदीला अर्पण केली. दुसऱ्याच्या हक्काचा पैसा माफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे भान त्या वैराग्यातही होते.

दुसरा प्रसंग इतका सौम्य नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि पुढे ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजर व्यापारी बहुसंख्य होते आणि त्यांत आपलेही पूर्वज होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते आणि दस्त मिळवून ते जाळले गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि सरकारने शेतसारा वाढवला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे थकलेले व्याज मुद्दलात मिसळून दर काही वर्षांनी नवे खत लिहून घेण्याची प्रथाही पडली होती. दोष एकट्या सावकाराचा नव्हता. परंतु पाऊस, बाजारभाव आणि सारा या तिन्ही गोष्टींची जोखीम एकाच पक्षावर पडली आणि दुसऱ्या पक्षाचा आकडा मात्र ठरलेलाच राहिला, हे त्या व्यवहारातील मूळ दुखणे होते. १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या परंपरेत पूर्वीपासून होता, तो नेमका त्याच भीतीपोटी.

इस्लामी धर्मशास्त्राने या दुखण्यावर अधिक कठोर उपाय सांगितला. पैशाने केवळ काळ लोटल्याबद्दल पैसा मिळवू नये. नफा हवा तर व्यवहारात उतरावे आणि तोट्यातही सहभागी व्हावे. व्याजाला तेथे ‘रिबा’ म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. या तत्त्वावर उभे राहिलेले करार आपल्या बाजारपेठेला तितके अपरिचित नाहीत. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे कष्ट, नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा मात्र भांडवलवाल्याचा आणि कष्टकऱ्याचे श्रम वाया, या कराराला ‘मुदारबा’ म्हणतात. दोघांनीही भांडवल घालून त्या प्रमाणात तोटा सोसणे म्हणजे ‘मुशारका’, आपली नेहमीची भागीदारी. माल विकत घेऊन त्यावर उघडपणे नफा चढवून तो उधारीने देणे म्हणजे ‘मुराबहा’. भाडेपट्टा म्हणजे ‘इजारा’. आणि ‘कर्ज-ए-हसना’ म्हणजे आपले हातउसने. मावळात जमीन अर्धेलीने लावण्याची चाल आहेच. मालक आणि कसणारा पीक वाटून घेतात आणि पीक बुडाले तर दोघांचेही बुडते. ही कल्पना मुदारब्याच्या जवळची आहे.

या तत्त्वावर आधुनिक बँक चालवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९६३ साली इजिप्तमधील मित घम्र या गावात झाला. जर्मनीत शिकलेल्या अहमद अल-नज्जार यांनी तेथील स्थानिक बचत बँकांचा नमुना घेऊन नाईलच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या लहान बचती एकत्र केल्या आणि त्यांतून त्याच परिसरातील छोट्या धंद्यांना पैसा दिला. काही वर्षांतच सरकारी धोरणामुळे तो प्रयोग गुंडाळला गेला, पण कल्पना टिकली. त्याच वर्षी मलेशियात हजयात्रेसाठी लोकांची बचत गोळा करणारी संस्था सुरू झाली. लोकांनी यात्रेसाठी वर्षानुवर्षे साठवलेला पैसा तिने शेतमळ्यांत आणि उद्योगांत गुंतवला. उशीखाली राहणारा पैसा देशाच्या भांडवलात आला. व्याजाला धर्माची हरकत असल्याने जे लोक बँकेपासून दूर राहिले होते, ते यामुळे अर्थव्यवस्थेच्या आत आले. प्रादेशिक विकासाच्या दृष्टीने या व्यवस्थेचा हा सर्वांत भक्कम लाभ मानावा लागेल.

तथापि चाळीस वर्षे हिशेब पाहिलेल्या माणसाने दुसरी बाजू सांगितली पाहिजे. जगभरच्या इस्लामिक बँकांच्या व्यवहारांत नफातोटा वाटून घेणारे करार थोडे आणि मुराबहासारखे ठरलेल्या नफ्याचे करार फार, ही टीका त्या व्यवस्थेतील अभ्यासकच करतात. दहा लाखांचे यंत्र घेऊन ते साडेअकरा लाखांना हप्त्याने विकले, तर कागदावर व्याज दिसत नाही, पण कारागिराच्या मानेवरचे ओझे तेवढेच राहते. एकाच साच्याची सक्ती केल्याने काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. इंडोनेशियातील आचे प्रांताने २०१८ च्या कायद्याने सर्व वित्तसंस्था शरीयतनुसारच असाव्यात असे ठरवले. इतर बँकांनी तेथून काढता पाय घेतला. मे २०२३ मध्ये उरलेल्या मोठ्या बँकेची संगणकयंत्रणा काही दिवस कोलमडली, तेव्हा प्रांतातील व्यापाऱ्यांना दुसरा आधारच राहिला नाही. तत्त्व चांगले असले तरी पर्याय संपवणे व्यापाराला मानवत नाही.

भारतात या विषयावर दीर्घ चर्चा झाली. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा, असे सुचवले होते. परंतु १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या ८ व्या कलमानुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही आणि मुराबह्याचा पायाच तो आहे. शेवटी २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१६ साली सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली होती.  भांडवल बाजाराचा दरवाजा मात्र उघडा राहिला. मुंबई शेअर बाजारात २०१० पासून शरीयत निर्देशांक आहे आणि टाटा एथिकल फंडासारख्या योजना आहेत. मद्य, जुगार आणि व्याजाचे व्यवसाय त्या वगळतात, शिवाय ज्या कंपनीच्या डोक्यावर कर्ज फार आहे तीही वगळतात. समभाग हा मुळात नफातोट्यातील वाटाच असल्यामुळे तेथे अडचण आली नाही.

येथे एक इशारा अवश्य द्यावा वाटतो. २०१९ साली बंगळुरूमध्ये ‘हलाल गुंतवणूक’ या नावाने लोकांचे हजारो कोटी रुपये घेतलेली आयएमए ही संस्था कोसळली. त्याच वर्षी मुंबईत व्याजावर चालणारी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक संकटात आली आणि ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढता येईनात. एकीकडे धर्माचे नाव होते आणि दुसरीकडे सहकाराचे. दोन्हीकडे ठेवीदाराने हिशेब पाहिला नव्हता किंवा त्याला तो दाखवला गेला नव्हता.

आपल्या परंपरेने व्याज निषिद्ध मानले नाही, पण धनाला मर्यादा आणि धंद्याला कुंपण घातले. उपासकदशांग सूत्रातील वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचा दाखला वाचकांना ठाऊक आहेच. चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी वृद्धीत आणि चार कोटी घरसंसारात, अशी त्याच्या धनाची विभागणी होती आणि त्यापलीकडे न जाण्याचे व्रत त्याने घेतले. ‘वृद्धी’ म्हणजे व्याजबट्ट्यात वा व्यापारात लावलेला पैसा. आजच्या भाषेत एक तृतीयांश राखीव, एक तृतीयांश फिरता आणि एक तृतीयांश स्थावर. पंधरा कर्मादानांच्या यादीने कोणत्या धंद्यांतून पैसा मिळवू नये हेही सांगितले. शरीयत निर्देशांकातील वगळणी आणि ही यादी शेजारी ठेवून पाहिली, तर दोन वेगळ्या धर्मांनी व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारलेला दिसतो : हा पैसा कोणाच्या हानीतून येतो आहे?

आता इंदुरीच्या शेजारचे, आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. गेल्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ ही कल्पना मांडली. देशातील प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभारावेत, अशी ती साधी योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे आरंभीचे तज्ज्ञ होते. देणाऱ्यांना व्याज नव्हते आणि लाभांशही नव्हता. मग या गुंतवणुकीचे फळ कोठे मोजायचे?

ते काचेच्या बरण्यांत मोजता येणार नाही. पैसा फंडाचा कारखाना प्रारंभापासून शिकवणारा कारखाना होता. भट्टीपुढे उभे राहून काच फुंकण्याचे कसब तेथे तरुणांनी शिकून घेतले. तेथून बाहेर पडलेली माणसे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली आणि भारतीय काच उद्योगाला प्रशिक्षित मनुष्यबळ पुरवणारी संस्था म्हणून तळेगावचे नाव झाले. भांडवल लहान हातांतून आले, बिनव्याजी आले आणि त्याचे रूपांतर कसबात झाले. कसब कारागिराच्या अंगात राहते. कारखाना बंद पडला तरी ते त्याच्यासोबत दुसऱ्या भट्टीवर जाते. मोटारींच्या कारखान्याच्या गोष्टीशी ही गोष्ट ताडून पाहावी. दोन्ही तळेगावचीच आहेत आणि त्यांच्यात साधारण शंभर वर्षांचे अंतर आहे. मोठ्या कारखान्यांची गरज नाही असे यातून निघत नाही. वाहन उद्योगाने या पट्ट्यातील तरुणांना पुष्कळ शिकवलेही आहे. परंतु त्या कारखान्याचे दार बंद झाले तेव्हा त्या शिकलेल्या तरुणाला स्वतःचे छोटे युनिट काढण्यासाठी सोसवेल अशा अटींवर पैसा देणारे कोण होते, हा प्रश्न उरतो.

हे काम बँक पूर्णपणे करू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो आणि त्यांना ठरलेले व्याज द्यावेच लागते. म्हणून बँक तारण मागते आणि हप्ता चुकला की खाते थकीत ठरवते. तोट्यात सहभागी होणे तिच्या नियमात बसत नाही. ते ज्याला जमू शकते तो म्हणजे परिसरातील व्यापारी. त्याला माल कळतो, बाजार कळतो आणि समोरच्या माणसाची रीतही कळते.

हिशेब करून पाहू. एका कुशल कारागिराला युनिटसाठी १० लाख रुपये हवे आहेत. १२ टक्क्यांनी कर्ज दिले तर वर्षाला १,२०,००० रुपये व्याज. त्याऐवजी नफ्यात ४० टक्के वाटा ठरवला आणि समजा, पहिल्या वर्षी नफा ४ लाख, दुसऱ्या मंदीच्या वर्षी १ लाख आणि तिसऱ्या वर्षी साडेतीन लाख झाला. वाटा अनुक्रमे १,६०,०००, ४०,००० आणि १,४०,०००, म्हणजे तीन वर्षांत ३,४०,००० रुपये. व्याजाने ३,६०,००० मिळाले असते. गुंतवणूकदाराचे २०,००० रुपये कमी झाले. परंतु दुसरे वर्ष पाहा. व्याज असते तर १ लाखाच्या नफ्यातून १,२०,००० द्यायचे होते. कारागिराने ते एखाद्या कामगाराला काढून, नाहीतर आणखी कर्ज काढून दिले असते. वाट्यामुळे युनिट शाबूत राहिले. चौथ्या वर्षी नफा ५ लाखांवर गेला तर वाटा २ लाखांचा होईल आणि मागची तूट भरून पुढे जाईल. मात्र युनिट बुडाले तर मुद्दलही जाऊ शकते. हे आधी मान्य करूनच या वाटेने जावे आणि जेवढे गमावले तरी घर हलणार नाही, तेवढेच त्यात घालावे.

यासाठी नवा धर्म वा नवा कायदा लागत नाही. १९३२ चा भागीदारी कायदा आहे आणि २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी आहे, जीत जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते. उलट परवान्याविना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा ठरते, हे आपल्यापैकी काहींनी विसरू नये. करार लेखी असावा, हिशेब दोघांना दर महिन्याला दिसावा, करआकारणीविषयी सनदी लेखापालाला आधी विचारावे. आणि ज्यांना भागीदारी नको असेल त्यांनी निदान लहान उत्पादकांची बिले वेळेवर चुकती करावीत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावीत असा कायदा २००६ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी आयकरात मिळेनाशी झाली आहे. सहा महिने अडकवून ठेवलेले बिल म्हणजे गरिबाकडून घेतलेले बिनव्याजी कर्जच होय.

या व्यवहारात स्त्रियांचा विचार आरंभापासून हवा. गावातील स्त्री कामाला येईल की नाही, हे पगाराइतकेच काम किती वाजता सुटते, घरापासून किती दूर आहे आणि लहान मूल कोठे ठेवायचे यावर ठरते. लांबच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी जिला अशक्य आहे, ती गावातल्याच जुळणीच्या, शिवणाच्या, पॅकिंगच्या किंवा तांदूळ सफाईच्या युनिटवर सकाळी दहा ते पाच येऊ शकते. असे युनिट उभे करताना त्याच्या हिशेबाची जबाबदारी आपल्या घरातील शिकलेल्या सुनेकडे द्यावी आणि भागीदारीच्या कागदावर तिचे नाव व तिचा वाटा लिहावा. एकाच गुंतवणुकीने दोन घरांतील दोन स्त्रिया श्रमसहभागात येतील आणि त्यांतील एकही बिनपगारी मदतनीस म्हणून मोजली जाणार नाही.

दिवाळीत आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्याआधी प्रत्येक कुटुंबाने आनंद श्रावकासारखे आपल्या धनाचे तीन भाग कागदावर मांडून पाहावेत. बहुतेकांच्या घरी सोने, मुदतठेव आणि जमीन यांचे रकाने भरलेले दिसतील. ‘वृद्धी’च्या रकान्यात परिसरातील कोणाच्या धंद्यात आपला वाटा आहे, हे शोधावे लागेल. त्या भागाचा दहावा हिस्सा जरी इंदुरी, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा अशा आपल्याच गावांतील एखाद्या होतकरू कारागिराच्या सोबतीला वाट्याने लावला, तरी आरंभ होईल. ज्यांनी असा व्यवहार केला असेल किंवा करू इच्छितात, त्यांनी आपला अनुभव मासिकाकडे जरूर कळवावा. भागीदारीच्या करारात कोणती कलमे असावीत, याचा एक साधा नमुना पुढील अंकात देण्याचा मानस आहे.